चोरी झाली, आता भरायचं कोणी? सार्थवाहापासून कॅम्पर ट्रेलरपर्यंत

ज्यांची एसटीत रेंज गेली, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना मध्ये मध्ये आलेले 'म्हणजे', 'तर', 'बघा' जमेल तेवढे काढलेत. सगळे निघाले नाहीत, सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. ज्या गाडीला इंजिन नाही, किल्ली नाही, अशी गाडी रात्रीत कोणी ओढून नेली, तर नुकसान कोणी भरायचं? उत्तर शोधता शोधता मी कौटिल्यापर्यंत गेलो आणि तिथून परत शिरोली एमआयडीसीत आलो. चला.

किल्ली नसलेली गाडी

माझं गाव हातकणंगले. हुपरी, नरंदे, इचलकरंजीजवळचं गंगानगर, आमच्या तालुक्यात जाल तिकडे साखर कारखाना. हंगाम सुरू झाला की रस्त्यावर एक ट्रॅक्टर आणि मागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, अशा गाड्यांची रांग लागते. पण याच ट्रॉल्या हंगाम संपल्यावर कुठं असतात? शेताच्या बांधावर, गोठ्यामागं, रस्त्याकडेला. ट्रॅक्टर घरात, ट्रॉली बाहेर.

माझे मामा ऊस वाहतूकदार आहेत. त्यांना एकदा विचारलं, "मामा, ट्रॉलीला लॉक काय असतं?" ते हसले. "आरं, ट्रॉलीला कुठं किल्ली असत्या? हुकात पिन घातली की झालं. माझा ट्रॅक्टर असूदे नाहीतर चोराचा, ट्रॉलीला काय फरक पडतोय?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं, कारण तेव्हा आम्ही तिघं मित्र कॅम्पर ट्रेलर घ्यायच्या विचारात होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅम्पर ट्रेलर म्हणजे कारच्या मागे जोडायची छोटी खोली. झोपायला गादी, छोटा ओटा, पाण्याची टाकी. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या गोष्टीची आपल्याकडे चर्चा वाढली. शिरोलीत पत्रा आणि वेल्डिंगचं काम करणारे कसबी लोक भरपूर. आम्हाला वाटलं, इथंच बनवून घेऊ. पण घरी बनवलेला ट्रेलर मंजूर नमुन्याशिवाय आरटीओत नोंद होत नाही, आणि नोंद नाही तर विमा नाही. त्यामुळे तयार, मान्यताप्राप्त ट्रेलर बघायला लागलो आणि एका विमा कार्यालयात गेलो. तिथं विचारलं, "हा पार्किंगमधून चोरीला गेला तर?" समोरच्या माणसानं कारची पॉलिसी दाखवली आणि म्हणाला, "कारचा विमा आहे की तुमच्याकडं." कारचा आहे हो, ट्रेलरचं काय?

मला प्रश्न पडला, चोरीचं नुकसान दुसऱ्या कोणी भरून द्यायचं, ही कल्पनाच मुळात कुठून आली?

मालाची किंमत आधी सांगा

कौटिल्याचं अर्थशास्त्र बरीच शतकं लोकांच्या वाचनातून गेलेलं होतं. १९०५ मध्ये म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती त्याचं हस्तलिखित आलं आणि १९०९ मध्ये ते छापलं गेलं. त्यात व्यापाऱ्यांच्या तांड्यांबद्दल एक नियम आहे. अशा तांड्याला तेव्हा 'सार्थ' म्हणत, आणि त्याच्या प्रमुखाला सार्थवाह.

नियम साधारण असा. सार्थानं गावात मुक्काम करायचा असेल, तर आपल्याजवळच्या मालाची किंमत आधी सांगून ठेवायची. मग रात्री त्यातलं काही चोरीला गेलं, तर गावच्या प्रमुखानं भरून द्यायचं. चोरी दोन गावांच्या मधल्या रानात झाली, तर कुरणांवर नेमलेल्या अधिकाऱ्यानं. तिथं कुरण नसेल तर चोर पकडायला नेमलेल्या अधिकाऱ्यानं. तोही नसेल तर आसपासच्या गावांनी.

आपल्यातल्या कोडिंगवाल्यांना लगेच कळलं असेल. ही सरळ 'इफ-एल्स'ची साखळी आहे. एकानं नाही भरलं तर दुसरा, दुसरा नसेल तर तिसरा. आणि पहिली अट बघा, किंमत आधी जाहीर करा. आजच्या मोटार पॉलिसीत आयडीव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे विमा घेताना जाहीर केलेली गाडीची किंमत. चोरी झाल्यावर "माझ्या गाडीत सोनं होतं" म्हणायची सोय तेव्हाही नव्हती, आताही नाही.

माग जिथं थांबतो तिथं

आता एकदम अलीकडे येऊ, पेशवाईच्या शेवटाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा एक अहवाल लिहिला. आपलं कोल्हापूर संस्थान वेगळं होतं, ते त्या मुलखात नव्हतं. पण गावगाड्याची घडी सगळ्या देशावर मिळतीजुळती होती, म्हणून तो अहवाल आपल्यालाही कामाचा.

त्यात गावच्या राखणदाराचं काम लिहिलंय. कुठं हा राखणदार रामोशी, कुठं भिल्ल, कुठं महार. रात्रीचा पहारा, गावात कोण आलं कोण गेलं यावर नजर, शिवेवर लक्ष. आणि चोरी झाली की माग काढायचा. पायाचे ठसे बघत बघत तो शिवेपर्यंत जायचा. ठसे शेजारच्या गावच्या हद्दीत गेले आणि तिथल्या राखणदाराला ते पटलं, की याचं काम संपलं. पुढचा माग त्यानं काढायचा. असं करत ज्या गावात माग जाऊन थांबला, ते गाव जबाबदार. माग कुठंच गेला नाही, तर चोरी जिथं झाली ते गाव जबाबदार.

म्हणजे समजा, नरंदेच्या बाजूला एक बैलजोडी गेली. ठसे अळत्याकडं गेले, तर जबाबदारी अळत्याची. अळतेकरांना ती टाळायची असेल तर त्यांनी दाखवायचं, ठसे इथून पुढं गेले. प्रत्येक गावाला माग काढण्यात स्वतःचा फायदा होता. बसून राहिलं की पैसे भरायला लागणार! (गावांची नावं मी समजावायला घातलीत, ही काही घडलेली केस नाही.)

ही युक्ती फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्ड राजानं १२८५ मध्ये विंचेस्टरचा कायदा केला. त्यात दरोड्याचं नुकसान त्या भागातल्या सगळ्या रहिवाशांवर टाकलं होतं, आणि चोर दिसला की आरडाओरडा करत सगळ्यांनी मागं धावायचं असं बंधन होतं. हजारो मैल लांबच्या दोन समाजांना एकच उत्तर सुचलं. ज्यांना चोरी थांबवता येते, त्यांच्या खिशाला चाट लावा.

पण आधी भरायचं कोणी?

इथपर्यंत ऐकून भारी वाटतं. "बघा, आमच्याकडं आधीपासूनच इन्शुरन्स होता!" असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड बनवायचा मोह होईल. जरा थांबा.

त्याच अहवालात पुढं लिहिलंय की नुकसान आधी राखणदाराकडून वसूल व्हायचं. त्याची ऐपत संपली की उरलेलं गावावर. म्हणजे गावातला सगळ्यात गरीब माणूस पहिला. ज्याचं पोट बलुत्यावर, त्यानं सावकाराची चोरी भरायची. एल्फिन्स्टनलाही हे अन्यायाचं वाटलं. गावाला चोरी थांबवणं शक्यही नसेल आणि भरपाईची कुवतही नसेल, म्हणून पूर्ण रक्कम काही प्रकरणांतच वसूल होई, पण काहीतरी दंड बहुतेक वेळा बसायचाच, असं तो नोंदवतो.

विम्यात आणि या पद्धतीत मोठा फरक इथं आहे. विम्यात हजार लोक थोडे थोडे पैसे आधी जमा करतात आणि ज्याची चोरी झाली त्याला त्यातून देतात. गावाच्या पद्धतीत आधी काहीच जमा नव्हतं. चोरी झाल्यावर जो हाताशी सापडेल त्याच्या खिशातून काढायचं.

आणि कंपनी सरकार आल्यावर या राखणदारांचं काय झालं? पुरंदरच्या परिसरातल्या रामोशांचे गडाच्या राखणीचे हक्क गेले, उत्पन्न गेलं. उमाजी नाईकांचा उठाव याच असंतोषातून उभा राहिला. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिलं. जोखीम उचलणारी माणसं व्यवस्थेतून बाहेर फेकली गेली, आणि जोखीम मात्र गावातच राहिली. १८६७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी ग्राम पोलीस कायदा आला. पोलीस पाटील राहिला, पण माग थांबेल त्या गावानं भरायचं, ही गोष्ट हळूहळू इतिहासजमा झाली. मग चोरी झाली की पोलीस तपास करणार, पण नुकसान ज्याचं त्याचं.

हुंडेकरी, जोखमी हुंडी आणि भीती

व्यापाऱ्यांनी मात्र स्वतःची सोय आधीच केली होती. मार्केट यार्डात तुम्ही 'हुंडेकरी' हा शब्द ऐकला असेल, कदाचित एखाद्याचं आडनाव म्हणूनही. जुन्या काळी हुंडेकरी म्हणजे ठरावीक रकमेत माल पोचवायचं काम अंगावर घेणारा. वाटेतली जकात, खर्च सगळं त्याच्याकडं. तुम्ही एकच रक्कम द्यायची आणि झोपायचं.

किनाऱ्यावरच्या व्यापारात याहून पुढची गोष्ट होती, जोखमी हुंडी. साधी हुंडी म्हणजे अमक्याला इतके पैसे द्या अशी चिठ्ठी. जोखमी हुंडीत एक अट जोडलेली, माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे. जहाज बुडालं तर पैसे बुडाले, पण माल पाठवणाऱ्याचे नाही, हुंडीत पैसे घालणाऱ्याचे. उधारी आणि विमा, एकाच कागदावर.

आणि 'विमा' हा शब्द तरी कुठला? फारसी 'बीम', म्हणजे भीती, यावरून तो आला असं मानतात. 'कॅराव्हॅन'ही मुळात फारसीच, 'कारवान', म्हणजे प्रवाशांचा तांडा. इंग्रजीतून फिरून तो आपल्याकडे परत आला. म्हणजे 'कॅराव्हॅनचा विमा' असं म्हणताना आपण शब्दशः 'तांड्याची भीती' म्हणतोय. मला हे कळलं तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये चारजणांना सांगितलं. कुणीच हसलं नाही, ते वेगळं.

कंपनी येते

पुढचा इतिहास झटपट. १८५० मध्ये कलकत्त्यात ट्रायटन ही सर्वसाधारण विम्याची कंपनी सुरू झाली. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी मुंबईत न्यू इंडिया ॲश्युरन्स काढली. १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, आणि त्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. आपलं कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, ते १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १०७ विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना दार पुन्हा उघडलं.

यातली एक गोष्ट नीट ऐका. १९४६ ची सक्ती होती थर्ड पार्टीची. म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्या दुसऱ्याला भरपाई. तुमची गाडी चोरीला गेली तर थर्ड पार्टीतून एक रुपया मिळत नाही. सक्ती आजही तेवढीच आहे. बरेचजण पोलिसांनी पकडू नये म्हणून सगळ्यात स्वस्त पॉलिसी काढतात आणि 'विमा आहे' म्हणतात. आहे, पण दुसऱ्यासाठी. चोरीसाठी 'ओन डॅमेज' हा भाग घ्यावा लागतो, आणि तो ऐच्छिक आहे.

आजचा माग कागदावर

आता परत ट्रॉलीकडं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची वेगळी व्याख्या आहे, मोटार वाहनानं ओढलं जाणारं वाहन. म्हणजे ट्रॉली हा ट्रॅक्टरचा सुटा भाग नाही, आणि कॅम्पर हा कारचा डबा नाही. कायद्याच्या नजरेत ती वेगळी गाडी. तिचा वेगळा नोंदणी क्रमांक, वेगळा चासी नंबर. इंजिन नंबर अर्थातच नाही, इंजिनच नाही.

कारच्या पॉलिसीचं शेड्यूल उघडून बघा. आयडीव्हीच्या तक्त्यात गाडीचा रकाना असतो आणि त्याच्याशेजारी ट्रेलरचा वेगळा रकाना. तो रकाना रिकामा असेल, तर तुमच्या कॅम्परची जाहीर किंमत शून्य. कौटिल्याच्या भाषेत, तुम्ही गावात मुक्कामाला आलात पण माल सांगितलाच नाही.

आमच्या पाहुण्यांपैकी एकांचं असंच झालं. दोन हंगामांच्या कमाईतून आणि कर्जातून घेतलेली ट्रॉली एका रात्रीत गेली. ट्रॅक्टरचा पूर्ण विमा होता. ट्रॉलीचा नंबर पॉलिसीत नव्हता. ट्रॅक्टर दारात उभा, ट्रॉली गायब, आणि हप्ता चालूच. मुकादमाला टोळीसाठी दिलेली उचल वेगळीच अडकलेली. ऊस वाहतुकीत ट्रॉली नसलेला ट्रॅक्टर म्हणजे बैल नसलेली गाडी. त्या हंगामात त्यांनी दुसऱ्याच्या ट्रॉल्या भाड्यानं ओढल्या.

नंबर पॉलिसीत असला तरी पुढं अटी आहेत. पहिली, लगेच पोलिसांत तक्रार. १ जुलै २०२४ पासून चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३०३ आहे. तपासात काही सापडलं नाही, तर आपल्या महाराष्ट्रात त्याला 'अ समरी' म्हणतात. अर्थ असा, की गुन्हा खरा आहे पण छडा लागला नाही. विमा कंपनी दाव्यासोबत हाच कागद मागते. बघा हं, दोनशे वर्षांपूर्वी राखणदार शिवेवर उभा राहून जे सांगायचा, तेच हे आहे. चोरी झाली, आम्ही माग काढला, तो इथं संपला. फरक एवढाच, तेव्हा माग ज्या गावात संपला ते गाव भरायचं, आता माग संपला असं लिहून मिळालं की कंपनी भरते.

दुसरी अट, कंपनीला कळवायचं. ती भानगड सर्वोच्च न्यायालयात गेली होती, आणि योगायोगानं प्रकरण ट्रॅक्टरच्याच चोरीचं. मालकानं पोलिसांत लगेच तक्रार दिली, पण विमा कंपनीला कळवायला दीड महिन्याहून जास्त लावला. कंपनीनं दावा नाकारला. २०२० मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठानं सांगितलं, पोलिसांत लगेच तक्रार आहे आणि चोरी खरी आहे, तर नुसतं कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येणार नाही. तरीही तुम्ही उशीर करू नका. शेवटी कोर्टात जिंकला तो माणूस, पण त्याची चोरी २०१० ची होती. दहा वर्षं!

तिसरी, वापर. खासगी म्हणून विमा घेतला आणि गाडी भाड्यानं फिरवली, तर कंपनी अट मोडली म्हणते. २००८ मध्ये अशाच एका गाडीच्या चोरीत सर्वोच्च न्यायालयानं दाव्याच्या ७५ टक्के रक्कम देण्याचा निर्णय कायम ठेवला. म्हणजे सगळं बुडालं नाही, पण पाव गेलं. कॅम्पर घेऊन वीकेंडला भाड्यानं द्यायचा प्लॅन असेल तर पॉलिसी घेतानाच सांगा.

चौथी गोष्ट, अपेक्षा. आयडीव्ही म्हणजे नवीन घ्यायला लागणारे पैसे नाहीत. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५०. त्यापुढं कंपनी आणि तुम्ही ठरवाल ती किंमत. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेचे पैसे फिटतात, उरलं तर तुमच्या हातात. आतला फ्रिज, बॅटरी, सोलर पॅनल जर पॉलिसीत लिहिलेले नसतील, तर ते गृहीत धरू नका.

म्हणून कॅम्पर किंवा ट्रॉली असलेल्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं. आज रात्री पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि त्यात ट्रेलरचा चासी नंबर शोधा. चासीवर कोरलेल्या नंबरचा जवळून फोटो काढा, आरसी आणि बिलासोबत कुटुंबातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. हुकाला कुलूप लावा, चाकाला क्लॅम्प लावा. माती आता ठसे धरत नाही, डांबर तर नाहीच. माग उरलाय तो या नंबरमध्ये.

आणि गाव?

गाव अगदीच बाजूला पडलेलं नाही. राज्यातल्या बऱ्याच गावांत आता ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल-फ्री क्रमांकावर फोन करून निरोप दिला की तो एकाच वेळी गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर कॉल म्हणून जातो. रात्री दोनला कोणी ट्रॉली जोडून निघालं तर शेकडो फोन एकदम वाजतात. १२८५ चा आरडाओरडा आणि गावच्या राखणदाराची हाक, दोन्ही आता सर्व्हरवर चालतात. नुकसान मात्र गाव भरत नाही, आणि राखणदाराच्या खिशातूनही काही जात नाही. ते एक बरं झालं.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर टाकायला किती जादा पडतील?" त्यांच्या पॉलिसीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. एजंटला फोन लावून दिलाय.

तुमच्या गावात राखणदार, माग, शिव यांच्या जुन्या गोष्टी कुणा आजी-आजोबांना आठवत असतील, तर व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. काळजी घ्या, भेटू.